चार उभ्या, एक आडवी

(मेहकर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



फळ्यावर ‘वारंवारता’ लिहिले आणि निम्म्याजणींनी माना खाली घातल्या. शाळेतले गणित आठवले असणार! पण एखादी गोष्ट किती वेळा आली, ती संख्या म्हणजे वारंवारता, एवढेच. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांवर आडवी, शेवटी पाच-पाच करून मोजायचे.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे 2001 च्या जनगणनेत 908 मुली होत्या, 2011 मध्ये 855. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्मतात. 2021 ची जनगणना लांबली, तेव्हा गावच्या वह्या घेऊन आपणच मोजू, असे तुम्ही म्हणता. जरूर मोजा. पण आधी माझी फजिती ऐका.

एका गावात अंगणवाडीच्या वहीवरून मी वर्षभराचे जन्म मोजले. मुली फारच कमी. तडक ग्रामसभेत उभी राहिले आणि गावाला नको ते बोलून आले. पुढच्या वर्षी तिथे मुलीच जास्त जन्मल्या. तीच वही माझ्यापुढे ठेवली गेली, आणि नंतर दोन वर्षे त्या गावात आपले कोणी ऐकेना.

माझे चुकले कुठे? समजा 20 जन्म झाले, 13 मुलगे, 7 मुली. हजारी प्रमाण काढा, 538! अंगावर काटा येतो. पण कोणी काही न करताही इतक्या थोड्या जन्मांत सहा-सात वर्षांतून एकदा असे निघतेच. अशा दहा गावांची पाच वर्षे एकत्र केली तर हजार जन्म होतील. तिथे 538 निघाले तर तो योगायोग नव्हे. म्हणून प्रमाणाशेजारी मूळ संख्या लिहायचीच.

शिवाय मुलगा-मुलगी हे दोन रकाने पुरत नाहीत. कितवी खेप, आणि आधीची अपत्ये कोण, हेही हवे. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या भारतातल्या अभ्यासात पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे 759 मुली होत्या, आधीच्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या खेपेला 719. सगळ्या खेपा एकाच रकान्यात टाकल्या की हे झाकून जाते.

आणखी एक. आपण जन्म मोजतो, गरोदर बाया नाही. कोणाचे पोट पाडले, का पाडले, ही चौकशी आपली नाही. कायद्याने 1971 पासून तिला गर्भपाताची वाट दिली आहे. गुन्हा लिंग तपासण्याचा आहे, त्यासाठी 1988 चा राज्याचा आणि 1994 चा केंद्राचा कायदा झाला. म्हणून वहीत नावे नकोत, फक्त रेघा.

चला, पाट्या काढा. पहिला रकाना, पहिली खेप.