लपवत नाही, म्हणून अपात्र?



साहित्य मेळाव्याच्या अध्यक्षानं न्यायमूर्तींच्या नेमणुकीवर बोलू नये, असं मला काल सुचवण्यात आलं. मी त्यावरच बोलणार आहे. वकिलांनी भरवलेल्या मेळाव्यात हा विषय चालत नसेल, तर तो चालायचा कुठे?

मी वकील सौरभ कृपाल यांच्याबद्दल बोलतोय. दिल्ली उच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या निवडमंडळानं, त्यांचं नाव ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायमूर्तिपदासाठी एकमतानं सुचवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं ते नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्य केलं, सरकारनं परत पाठवलं, जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमनं पुन्हा ठामपणे पाठवलं. त्यानंतरही नेमणुकीचा आदेश निघाला नाही.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्या मी मोजत नाही. वडील भूपिंदरनाथ कृपाल सरन्यायाधीश होते, तेही मोजत नाही. घराणं ही पात्रता धरली, तर तालुका कोर्टातून वर येणाऱ्या आपल्या पोरांनी जायचं कुठे?

मी मोजतो ती कामाची तयारी. अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशासमोर बहुतेक वेळा साक्षीदार उभा नसतो. समोर असतं खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, आणि निकाल कुठे चुकला हे कारणांसह लिहिण्याची जबाबदारी. त्याला वाचन लागतं, चिकाटी लागते, आणि लोकांना न आवडणाऱ्या निकालावर सही करण्याची छाती लागते. सौरभ कृपाल यांनी दोन दशकं दिवाणी, व्यापारी आणि घटनात्मक प्रकरणं चालवली. २०२१ मध्ये त्यांना ज्येष्ठ वकील केलं ते दिल्ली उच्च न्यायालयाच्याच न्यायाधीशांनी; ज्यांनी त्यांचे युक्तिवाद ऐकले होते, त्यांनी. आणि छातीचं म्हणाल, तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम आठवा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच ते कायम ठेवलं होतं. त्याच न्यायालयासमोर नवतेज जोहर प्रकरणात कृपाल याचिकाकर्त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. ते कलम त्यांच्या स्वतःच्या जगण्याला गुन्हा ठरवत होतं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी याचिकाकर्त्यांच्या बाजूनं एकमतानं निकाल दिला.

मग सरकारचे आक्षेप काय? जोडीदार स्विस नागरिक आहे, आणि हे गृहस्थ समलिंगी असल्याचं उघड सांगतात. कॉलेजियमनं हे दोन्ही आक्षेप जाहीर करून फेटाळले. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या पत्नी उषाताई ब्रह्मदेशात जन्मलेल्या होत्या. म्हणून राष्ट्रपतिभवन धोक्यात आलं नाही. राहिला उघडपणा. अहो, धमकावता येतं ते लपवणाऱ्याला! ज्यानं आपलं आयुष्य जगासमोर मांडून ठेवलंय, त्याला कोणती फाइल दाखवून घाबरवणार? मी हा उघडपणा त्यांच्या पात्रतेत सर्वांत वर लिहीन.

समलिंगींच्या हक्कांशी ओढ असल्यानं ते पक्षपात करतील, अशीही शंका कायदामंत्र्यांच्या पत्रात होती. विवाहित न्यायाधीश घटस्फोटाची अपिलं ऐकतात, जमीनमालक भूसंपादनाची ऐकतात. तिथे ही शंका येत नाही. अमेरिकेत १९६१ मध्ये थर्गुड मार्शल यांची अपील न्यायालयावर नेमणूक झाली, तेव्हा दक्षिणेतल्या सिनेटरांनी तिची मंजुरी जवळजवळ वर्षभर अडवली. काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेला वकील त्यांना न्यायासनावर नको होता. शेवटी ५४ विरुद्ध १६ मतांनी ती मिळालीच.

आणि आपण धुळ्यात बसलो आहोत. १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या दिवसांत, इंग्रज सरकारच्या मनात संशय आला म्हणून तेव्हा न्यायाधीश असलेल्या रानड्यांची बदली याच गावी झाली. त्यांची पत्रं फोडून वाचली जात. संशयावर पात्रता ठरली असती, तर १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला न्यायमूर्ती रानडे मिळाले नसते.

म्हणून आज ठराव झाला पाहिजे, आणि त्यात सौरभ कृपाल हे नाव पाहिजे. ‘पात्र उमेदवारांच्या नेमणुका वेळेवर व्हाव्यात’ असलं मोघम वाक्य मी अध्यक्ष म्हणून मांडू देणार नाही. कुणाचा विरोध असेल, तर त्यानं वर यावं आणि कारण सांगावं. माइक चालू आहे.