संयुक्त अरब अमिरातीतील वकिली आणि निरंतर विधिशिक्षण : अध्यक्षीय भाषण

दुबईत नोंदणी झालेल्या विधि सल्लागाराला दर वर्षी निरंतर व्यावसायिक शिक्षणाचे १६ गुण मिळवावे लागतात. ही अट दुबई सरकारच्या विधि व्यवहार विभागाची आहे. २००८ च्या कायदा क्रमांक ३२ ने हा विभाग स्थापन झाला आणि दुबईतील वकिली व्यवसायाचे नियमन त्याच्याकडे आले. गुण मिळतात ते विभागाने मान्यता दिलेल्या संस्थांच्या अभ्यासवर्गांतून आणि व्याख्यानांतून. पूर्ण देशाचा विचार केला तर वकिली आणि विधि सल्ला या दोन्ही व्यवसायांचा संघीय कायदा १९९१ चा होता. त्याची जागा २०२२ च्या संघीय कायदेहुकूम क्रमांक ३४ ने घेतली.

जगात ही सक्ती नवी नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने ती १९७५ मध्ये आणली. आज न्यूयॉर्कमधील वकिलाला दोन वर्षांत २४ तास आणि कॅलिफोर्नियातील वकिलाला तीन वर्षांत २५ तास दाखवावे लागतात. इंग्लंडचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. तेथे सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांची अट होती. १ नोव्हेंबर २०१६ पासून तासांची मोजणी बंद झाली. आपल्या कामात उणीव कुठे आहे ते स्वतः तपासावे, त्यानुसार शिकावे आणि त्याची नोंद ठेवावी, ही पद्धत आली. तास भरले म्हणजे विषय समजला असे होत नाही, ही त्यामागची भूमिका रास्त आहे. तरीही अमिरातीत मोजणी असणेच योग्य ठरते. इंग्लंडमधील वकील एकाच मुशीतून तयार होतात. दुबईत मुंबई, कैरो, लंडन, बैरूत आणि कराची अशा अनेक ठिकाणी शिकलेले वकील शेजारीशेजारी बसतात. त्यांच्यात समान अशी उमेदवारी झालेली नसते. या सर्वांना एका किमान रेषेवर आणण्याचे दुसरे साधन सध्या तरी दिसत नाही.

या देशात शिक्षण अपुरे पडण्याचा धोका इतरत्र असतो त्याहून मोठा आहे, कारण गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा कायदा नव्याने लिहिला गेला. कंपनी कायदा २०२१ मध्ये बदलला, व्यापारी व्यवहार कायदा आणि दिवाणी प्रक्रिया कायदा २०२२ मध्ये बदलले. १ जून २०२३ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून कंपनी कर आला. ३,७५,००० दिरहमपेक्षा जास्त करपात्र नफ्यावर त्याचा दर ९ टक्के आहे. ज्या देशात करविषयक सल्ल्याची फारशी गरजच नव्हती, तेथे प्रत्येक करारात आता कराचे कलम तपासावे लागते.

कामगार कायद्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, आणि नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाशी त्याचा थेट संबंध आहे. १९८० च्या कायद्यात मुदतीचे आणि बेमुदत असे दोन प्रकारचे करार होते. बेमुदत करारावरील कामगाराने एक ते तीन वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा दिला तर त्याला ग्रॅच्युइटीचा एक तृतीयांश भाग मिळे, तीन ते पाच वर्षांनंतर दोन तृतीयांश. २०२१ चा संघीय कायदेहुकूम क्रमांक ३३ हा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. बेमुदत करार संपले आणि राजीनाम्यामुळे होणारी ही कपातही गेली. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढे दर वर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन, हा हिशेब राहिला. त्यानंतरही बदल थांबले नाहीत. २०२४ च्या सुरुवातीपासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर कामगार मंत्रालयच निर्णय देऊ लागले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टपासून दावा दाखल करण्याची मुदत एक वर्षाऐवजी नोकरी संपल्यापासून दोन वर्षे झाली. जुनी मुदत डोक्यात ठेवून 'आता काही करता येणार नाही' असे अशिलाला सांगणारा वकील त्या माणसाच्या कित्येक वर्षांच्या कष्टाची रक्कम बुडवतो. वर्षाच्या १६ गुणांपैकी एकही गुण या विषयावर खर्च झाला नसेल, तर गुणांची बेरीज पूर्ण असूनही कर्तव्य अपुरे राहिले असे म्हणावे लागते.

चेकचेही तसेच आहे. भारतातून आलेल्या वकिलाच्या मनात चेक न वटण्याविषयीचे तिकडचे कलम १३८ पक्के बसलेले असते : चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे देण्यासाठी १५ दिवस, नंतर फौजदारी तक्रार. अमिरातीतही चेक न वटणे हा एकेकाळी सरळ गुन्हा होता. २ जानेवारी २०२२ पासून खात्यात पुरेशी रक्कम नसल्यास असेल तितकी रक्कम बँकेने द्यायची, आणि उरलेल्या रकमेसाठी तो चेकच अंमलबजावणीचा दस्तऐवज मानला जातो. थेट अंमलबजावणी न्यायाधीशाकडे जाता येते. फौजदारी बाजू फसवणुकीच्या ठरावीक प्रकारांपुरती उरली आहे. भारतातील सवयीने फौजदारी तक्रारीचा रस्ता सुचवणारा सल्ला इथे अशिलाचा वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवतो.

त्यात एकाच शहरात दोन कायदेपद्धती नांदतात. दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राच्या हद्दीत इंग्रजी भाषेतील न्यायालये आणि कॉमन लॉच्या वळणाचे स्वतंत्र कायदे आहेत. तेथील कामगार कायदा २०१९ चा आहे, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून ग्रॅच्युइटीऐवजी नियमित वर्गणीची बचत योजना चालते. अबू धाबी ग्लोबल मार्केटने तर २०१५ च्या नियमांनी इंग्लंडचा कॉमन लॉ थेट लागू केला. या हद्दींबाहेर न्यायालयाची भाषा अरबी, कायद्याचा अधिकृत पाठही अरबी. इंग्रजी भाषांतरावर काम करणाऱ्या वकिलाने अरबी जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून मूळ शब्द तपासून घेणे, हा अभ्यासाचा भाग मानला पाहिजे, मग त्याला गुण मिळोत वा न मिळोत.

मराठी वकिलाला याच्या जोडीला भारताचीही बाजू सांभाळावी लागते. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमिरातीला परस्परसंबंधी प्रदेश म्हणून मान्यता मिळाली. आता दुबईचा हुकूमनामा घेऊन पुण्याच्या किंवा नाशिकच्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्त करता येते. लवादाचा निवाडा मात्र या कलमात येत नाही. त्याचा मार्ग वेगळा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्यामुळे कलमांचे जुने आकडे पाठ असणे पुरेसे राहिले नाही. भारतात १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली सनद मिळते, २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षाही घेतली जाते. पण सनद मिळाल्यानंतर दर वर्षी अमुक इतके शिका, अशी सर्वांना बांधणारी सक्ती तेथे रुळलेली नाही. मुंबई किंवा औरंगाबाद खंडपीठात दहा वर्षे काम करून आलेला वकील दुबईतच प्रथम गुणांच्या हिशेबाला सामोरा जातो. पगारी नोकरी पत्करताना भारतातील बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवणे बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार आवश्यक आहे. हेही अनेकदा निसटते.

कंपन्यांच्या विधि विभागात नोकरी करणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांच्यातील अनेकांकडे विधि सल्लागाराची नोंदणी नसते, म्हणून गुणांची सक्तीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. करार मात्र तेच लिहितात, कामावरून काढण्याची पत्रेही तेच तपासतात. त्यांच्यासाठी अभ्यासमंडळ चालवणे हे या परिषदेसारख्या व्यासपीठाचे पहिले काम ठरते : महिन्याला एक सत्र, एक कायदा, मूळ मजकुरासह.

नोंदणीकृत वकिलाने वर्षाच्या आरंभीच आपल्या हातातील कामे समोर ठेवून विषय ठरवावेत. कामगार दावे असतील तर मुदत आणि अपील, बांधकाम असेल तर लवाद, कुटुंबाची प्रकरणे असतील तर बिगरमुस्लिमांसाठी १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला व्यक्तिगत कायदा. व्यावसायिक नीतीचा विषय कोणीही टाळू नये. वर्ष संपत आल्यावर मिळेल तो वर्ग गाठून आकडा भरला तर नोंद पूर्ण होते आणि हातातले काम तसेच राहते. हजेरीच्या प्रमाणपत्राबरोबर एक लहान टिपण ठेवावे : काय नवे कळले, आणि त्यामुळे कोणत्या अशिलाला दिलेला जुना सल्ला पुन्हा तपासायला हवा. तसा अशील निघाला तर त्याला त्याच आठवड्यात लेखी कळवावे.