‘जेसन’चे अवतरण

१९३० च्या मे महिन्यात लंडननजीकच्या क्रॉयडनहून एकट्याच ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या ॲमी जॉन्सन यांचे ‘जेसन’ हे जिप्सी मॉथ विमान रंगूनजवळील इन्सीन येथे क्रीडांगणावर उतरले खरे, परंतु चाकांना ब्रेकच नसल्यामुळे आणि वेग आवरण्यास शेपटाखालच्या दांडीच्या घर्षणावाचून अन्य साधन नसल्यामुळे, ते थेट खंदकात शिरून त्याचा प्रोपेलर मोडला, पंखही फाटला. राखीव प्रोपेलर सोबत होता. पंख मात्र महायुद्धातील शिल्लक विमानकापडाचे सदरे उसवून मढवावा लागला. अशा दुरुस्तीस कोणत्या सरकारी दप्तराने मंजुरी दिली असती? २४ मे रोजी डार्विन गाठून पराक्रमाची नोंद झाली, आणि पुढे ब्रिस्बेनला, स्वागतोत्सुक जनसमुदायासमक्ष, मैदानाची हद्द ओलांडून विमान उलटले. बाई सुखरूप होत्या.