शहराची पत
(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सभेत दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी मागे वळून पाहावे व झालेल्या उपकारांची मोजदाद करावी, असा प्रघात आहे. आमच्या आधीच्या वक्त्यांनी ती केलीच आहे. आम्हांस आज ज्या शहरात आपण राहतो त्याविषयी थोडे बोलावयाचे आहे. विषय कित्येकांस रुक्ष वाटेल. परंतु ज्यांच्या घरी मागावरची मजुरी येते त्यांस तो तसा वाटणार नाही.

सोलापुरास आगगाडी १८६० साली आली व १८७७ साली ती कापडगिरणी सुरू झाली, जिला लोक जुनी गिरणी म्हणत. पुढे आणखी गिरण्या निघाल्या आणि भोंग्यावर शहराचे घड्याळ चालू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. साध्या हिशेबाने पाहिले तर त्याच वेळी हे शहर ओस पडावयास हवे होते. ते पडले नाही. का पडले नाही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

याचे उत्तर पूर्व भागातील गल्ल्यांत शोधावे लागते. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर येथे एकटा आला नाही. त्याच्यामागून त्याचे सोयरे, त्याची भाषा व त्याची देवळेही आली. नवा माणूस नात्यागोत्यातल्या कोणाच्या घरी उतरे, त्याच्याच मागावर हात बसवी, आणि पुढे स्वतःचा माग मांडावयाचा झाला तर ओळखीवर त्यास सूत उधार मिळे. कागद होत नसे, साक्षीदार लागत नसे. मोठ्या गिरण्या कोसळल्या तरी लहान कारखान्यांतून चादरी व टॉवेल निघत राहिले, ते या उधारीच्या बळावर. आपल्या भाषेत या गोष्टीस पत असा अगदी लहान शब्द आहे. विद्वान लोक तिला सामाजिक भांडवल म्हणतात. रॉबर्ट पुटनम या अमेरिकन पंडिताने इटलीतील प्रांतांचा अभ्यास करून १९९३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७० साली बहुतेक प्रांतांस एकाच नमुन्याची सरकारे मिळाली. काही उत्तम चालली, काही रखडली. जेथे लोकांस गायनमंडळे, क्रीडामंडळे व परस्परसाहाय्यक संस्था चालविण्याची जुनी सवय होती, तेथील कारभार चांगला निघाला, असे त्याने दाखविले. आमच्या गायनमंडळातील भांडणे ऐकली म्हणजे या सिद्धांताविषयी क्वचित शंका येते. पण ते असो.

मात्र या पतीस एक कुंपण असते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. ती आपल्या माणसापुरती चालते. शिवाय, ज्याच्या उधारीवर घर उभे राहिले त्याच मालकाकडे मजुरीची वाढ कोणत्या तोंडाने मागावी? नात्याच्या भिडेपायी कित्येक कामगारांचे नुकसान झाले असेल, असे आम्हांस वाटते.

हे कुंपण ओलांडले गेले ते बिडी वळणाऱ्या बायांकडून. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पाने कापावयाची, तंबाखू भरून दोरा बांधावयाचा, आणि हजारावर मजुरी घ्यावयाची. तपासणीत बाद झालेल्या बिड्यांचे पैसे गेले ते गेलेच. काम घरी बसून असले तरी माल देण्याघेण्यास रांगेत उभे राहावे लागे, आणि त्या रांगेत तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या बाया एकमेकींस भेटत. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली अशा बायांनी संघटना बांधली, स्वतःचा हिस्सा भरला, सरकारकडून उरलेला मिळविला, आणि २००६ साली कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. पुढे त्याच वाटेने रे नगर झाले. तेथील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांस मिळाली. त्या पुढाऱ्यांचे सर्वच विचार आपणांस मान्य होतील असे नाही. घरे मात्र डोळ्यांनी दिसतात.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. २०२० साली टाळेबंदीत माग थांबले, बिडी थांबली. आम्ही तांदूळ, डाळ व तेल वाटले व त्यात धन्यता मानली. टाळेबंदी सैल होताच आपल्याच धर्मग्रामातील एक विधवा भगिनी दारी आली. म्हणाली, “फादर, धान्य पुरे झालं. शिलाई मशीन घ्यायची आहे. पतपेढी जामीन मागते. सही कराल का?” धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरूस वरिष्ठांचा सल्ला घेतल्यावाचून जामीन राहता येत नाही. ते आम्ही तिला नीट समजावून सांगितले, व ती गेली. तो सल्ला विचारून पाहावा, अथवा आपल्यापैकी कोणा पगारदारास शब्द टाकावा, हे आमच्या मनातदेखील आले नाही. आठवड्याने कळले की शेजारच्या एका तेलुगू बाईने आपला भिशीचा नंबर तिला दिला. ती बाई आपल्या धर्माची नव्हे, नात्याची नव्हे. दोघी एका ओट्यावर बसून बिड्या वळीत, एवढाच संबंध. मशीन आले, मास्क शिवले गेले, आणि भिशीचे पैसे फिटले. त्या भगिनीने आम्हांस कधी बोल लावला नाही. ती दर रविवारी मिस्साला येते, व तिच्याकडे पाहताना आम्हांस अजून संकोच वाटतो.

आपल्या लोकांस हे काम अपरिचित आहे असे मुळीच नाही. वसईत मोन्सेन्यॉर मोनिस यांनी १९१८ साली कॅथलिक लोकांची सहकारी पेढी काढली; ती आज मोठी बँक आहे. आपण तेवढे होऊ शकणार नाही. आपण थोडे आहोत. पण रेल्वेत, शाळांत, इस्पितळांत कायम पगारावर असलेली जी मंडळी समोर बसली आहेत, त्यांच्या सहीस पतपेढीत मान आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात एक वही ठेवू. वर्षातून एका माणसास जामीन राहण्याची ज्याची तयारी असेल त्याने तीत नाव लिहावे. ज्युबिलीच्या वर्गणीतून उरेल ती रक्कम, एखादा हप्ता चुकल्यास, जामीनदारास आधार म्हणून वेगळी ठेवावी, असेही ठरले आहे. आमच्यापुरता सल्ला विचारणारे पत्र महागुरुस्वामींकडे गेले आहे.

अर्जदार कॅथलिकच असावा अशी अट घालावी काय, याविषयी मंडळात दोन मते पडली व निर्णय तुमच्यावर सोपविला आहे. मत देण्यापूर्वी त्या ओट्यावरच्या दुसऱ्या बाईस एकदा आठवावे, एवढी आमची विनंती आहे.