हे बोलणं घरापर्यंत जावं
(स्वागताध्यक्षीय भाषण, पुसेगाव, जि. हिंगोली)



स्त्री-पुरुष समता आणि कुटुंब या विषयावर महाविद्यालयात दोन दिवस बोलायचं ठरलं, तेव्हा काहींनी विचारलं, हे शहरातलं खूळ इथं कशाला? त्यांना एवढंच सांगतो, हा विषय या मातीला नवा नाही. नर्सी हे नामदेवांचं गाव आपल्याच जिल्ह्यातलं. त्यांच्या घरी राहिलेली जनाबाई गंगाखेडची. दळण, कांडण, झाडलोट हे कुणाच्याही हिशेबात नसलेलं काम तिनं अभंगात आणलं आणि त्या कामाला प्रत्यक्ष विठ्ठलाला जुंपलं.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं. तेव्हा 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून ताराबाईंनी विचारलं, दोष तेवढा बाईचाच कसा? त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांच्या बाजूनं जोतीराव फुले 1885 च्या ‘सत्सार’मधून उभे राहिले. पोरांनो, हे विसरू नका. बाई एकटी पडली तेव्हा तिची बाजू घेणारा पुरुष महाराष्ट्रात तेव्हाही होता. त्याच ताराबाईंच्या नावाचं स्त्री अभ्यास केंद्र आज छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आहे.

आपल्याकडे मात्र 8 मार्चला व्याख्यान होतं, मुली सभागृहात बसतात आणि मुलं फाटकाबाहेर उभी राहतात. मुंबईत 1993 साली सुरू झालेली ‘मावा’ ही पुरुषांची संघटना महाविद्यालयातल्या तरुणांशी नेमकं याच विषयावर बोलते. पुरुषांनी पुरुषांशी बोलायचं हे काम मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला व्हायला हवं.

कारण बालविवाहाचे आकडे बरे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 20 ते 24 वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के होतं. हिंगोलीत ते 37 टक्क्यांच्या आसपास आणि शेजारच्या परभणीत 48 टक्के निघालं. आईबाप निर्दयी आहेत म्हणून हे होत नाही. दसरा-दिवाळीनंतर घर ऊसतोडीला जातं, वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा जीवघेणा प्रश्न असतो. त्यात आगाऊ उचल मिळते ती जोडप्याला, एक जोडपं म्हणजे एक कोयता या हिशेबानं, म्हणून लग्नाची घाई होते. म्हणून मला वाटतं, कुटुंबाला शत्रू ठरवून ही चर्चा पुढं जाणार नाही. वसतिगृह, एसटीची फेरी, मुलीच्या सुरक्षिततेची हमी हेही स्त्रीवादाचेच प्रश्न आहेत.

आणखी एक गोष्ट, जी व्याख्यानात सहसा येत नाही. बाप गेला की वर्षा-दोन वर्षांत भाऊ बहिणींना गाडीत घालून तहसीलच्या गावाला घेऊन येतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयारच असतं. बहीण न वाचता अंगठा देते, नाहीतर सही करते, बाहेर चहा होतो, घरी साडीचोळी होते. कुणी तिला धमकावत नाही. माहेर तुटू नये एवढीच तिची भीती असते आणि ती भीती खरीच आहे. पण कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रानं 1994 सालीच हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत, तेव्हा लग्न न झालेल्या लेकीला लेकाइतका हक्क दिला. देशभर, लग्न झालेल्या लेकींनाही, तो 2005 च्या दुरुस्तीनं आला. हा हक्क जन्मानंच मिळतो, 2005 मध्ये बाप हयात असो वा नसो, असं सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. इतकं सगळं कागदावर असताना सातबारावरून लेकीचं नाव कमी होतं ते प्रेमाच्या माणसांकडूनच. याविषयी बोलायला महाविद्यालयासारखी दुसरी जागा नाही. उद्याचे भाऊ आणि उद्याच्या बहिणी इथं एकाच बाकावर बसलेल्या असतात.

राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नावापुढं आधी आईचं, मग वडिलांचं नाव येतं. चांगला निर्णय आहे. पण आईचं नाव लेकराच्या दाखल्यावर आलं, तसं ते शेताच्या आणि घराच्या उताऱ्यावरही यायला हवं.

आलेल्या वक्त्यांना माझी विनंती आहे, आमच्या पोरांना अवघड प्रश्न विचारू द्या आणि उत्तरं साध्या भाषेत द्या. आयाबहिणींना विनंती, मागं बसू नका, पुढच्या खुर्च्या तुमच्यासाठीच ठेवल्या आहेत. आणि विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर सातबारा आणि घराचा उतारा काढून बघा, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते लिहून घ्या आणि उद्या सकाळच्या सत्राला तो कागद सोबत आणा. उद्याची चर्चा त्याच कागदांवरून सुरू होईल.