गोळी चालू असताना डाग दिसला तर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाळणा लांबवायची गोळी सुरू केली, आठ-दहा दिवस झाले, आणि पाळीची तारीख नसताना कपड्यावर डाग दिसला. करमाळ्यासारख्या तालुक्यात ही तक्रार नेहमीची आहे, पण ती उघड बोलली जात नाही. सासूबाई म्हणतात, उष्णता झाली. जाऊ म्हणते, पिशवी खराब होईल, सोडून दे. पाकीट अर्धवट राहतं आणि दीड-दोन महिन्यांनी दिवस गेल्याचं कळतं. इथे नुकसान डागानं केलेलं नसतं, गोळी सोडल्यानं झालेलं असतं. आजचं सांगणं एवढंच, की डाग दिसला म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

मुळात हा डाग येतो कशामुळे? आशाताईंकडून मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. एकवीस पांढऱ्या गोळ्यांत स्त्रीच्या शरीरात असतात तशा दोन संप्रेरकांचं औषध असतं. उरलेल्या सात लोहाच्या, त्या खाताना पाळी येते. पांढऱ्या गोळ्यांमुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ राहतं. शरीराला त्याची सवय होईपर्यंत नाजूक अस्तरातून मध्येच थोडं रक्त झिरपतं. पहिल्या तीन पाकिटांपर्यंत असं होऊ शकतं आणि बहुतेकींचं आपोआप थांबतं. गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या असतील, तर डाग दिसला तरी गोळीचं काम चालूच असतं.

यामागचा इतिहास मोठा बोलका आहे. या गोळीच्या मोठ्या चाचण्या १९५६ साली पोर्तो रिको बेटावर सुरू झाल्या. मूळ औषधात इस्ट्रोजेनचा अंश नकळत मिसळला गेल्याचं संशोधकांना आढळलं. तो काढून औषध शुद्ध केलं, तर मध्येच होणारा रक्तस्राव वाढला! शेवटी तो अंश मुद्दाम परत घालण्यात आला. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘एनोव्हिड’ गोळीत इस्ट्रोजेन वर्गाचं औषध १५० मायक्रोग्रॅम होतं. पुढे लक्षात आलं, की ते जास्त असलं तर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणून प्रमाण कमी होत गेलं. आजच्या माला-एनमध्ये ते ३० मायक्रोग्रॅम आहे. गोळी अधिक सुरक्षित झाली, त्या बदल्यात सुरुवातीला डाग दिसण्याची शक्यता थोडी वाढली.

गोळी चुकली तरीही डाग दिसतो. रोज एकच वेळ ठरवा, रात्रीच्या जेवणानंतरची सगळ्यात सोयीची. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या आणि त्या दिवसाची नेहमीच्या वेळी घ्या. दोन किंवा जास्त पांढऱ्या गोळ्या राहिल्या तर आठवताच एक घ्या, पुढे रोज चालू ठेवा आणि सात दिवस निरोधही वापरा. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. ऊसतोडीला कोयता घेऊन बाहेर जाणाऱ्यांनी हंगामभराची पाकिटं सोबत न्यावीत. क्षयरोगावरची रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं गोळीचा असर कमी करतात. ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगून दुसरं साधन निवडा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल, तर ही गोळी घेऊ नये.

नवरात्रात कमलाभवानीच्या दर्शनाला जायचं असतं आणि नेमका डाग दिसतो. पुष्कळ जणी त्या धास्तीनं गोळी सोडतात, नाहीतर औषधाच्या दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून त्यात भर घालतात. दोन्ही टाळा. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं हा डाग म्हणजे पाळी नव्हे. देवळात जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. गोळीचा नेम मात्र मोडू नका.

मग डॉक्टरांकडे कधी जायचं? तीन पाकिटं संपल्यावरही डाग थांबत नसेल, डागाऐवजी पाळीसारखं भरपूर जात असेल, ओटीपोटात दुखत असेल, पांढऱ्या पाण्याला घाण वास येत असेल तर. गोळ्या चुकल्या असतील आणि पाळीही आली नसेल, तर आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटवर लघवीची तपासणी करा. आणि संबंधानंतर रक्त जात असेल तर ते गोळीवर ढकलून घरी बसू नका. ते गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं.

या आजाराबाबत आपला भाग जगाला माहीत आहे. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागानं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी देऊ केली, त्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. शेतात राबणाऱ्या आपल्यासारख्याच बायका होत्या त्या.

तेव्हा डाग दिसला तर लपवू नका. तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवा, आशाताईंना विचारा, करमाळ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गोळी मानवत नसेल तर तांबी, निरोध, ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी असे पर्याय आहेत. फक्त एक साधन सोडायच्या आधी दुसरं हातात घ्या. नमस्कार.