पाय चालते ठेवा



साठी उलटली, की घरचे लोक म्हणतात, "आबा, आता दमू नका, बसा." त्यात माया असते. पण बसून राहिले, की पायांतले बळ जाते. मग परसाकडे जायलाही कुणाचा तरी हात धरावा लागतो. आम्ही त्याच वयाचे, म्हणून मोकळेपणाने बोलतो.

आज एका शेतकऱ्याची गोष्ट ऐका. त्यांचे नाव फौजासिंग. पंजाबात जालंधरजवळ ब्यास नावाचे गाव आहे, तिथले ते. लहानपणी पाय काडीसारखे. पाच वर्षांचे होईपर्यंत नीट चालताही येत नव्हते. पुढे त्यांनी शेती केली. म्हातारपणी डोळ्यांदेखत मुलगा गेला. ते पार खचले. इंग्लंडात दुसऱ्या मुलाकडे राहत असताना, दुःख विसरायला ते धावू लागले.

२००० साली ते लंडनच्या मॅरेथॉनमध्ये उतरले. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटरची, सुमारे तेरा कोसांची शर्यत. वय होते ८९. वेळ लागला ६ तास ५४ मिनिटे. २००३ साली कॅनडात, टोरांटो शहरी, तीच शर्यत त्यांनी ५ तास ४० मिनिटांत संपवली. वय वाढले आणि वेळ सव्वा तासाने घटला! हा रोजच्या सरावाचा गुण.

२०११ साली, शंभरी गाठल्यावर, ते टोरांटोला पुन्हा धावले. आठ तासांहून जास्त लागले, पण शर्यत पुरी केली. गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात मात्र नोंद झाली नाही. का? जन्माचा दाखला नव्हता. पासपोर्टावर १ एप्रिल १९११ ही तारीख होती, ती पुरली नाही. आपल्याकडे तरी काय? मास्तरांनी घातलेली १ जून हीच कितीतरी जणांची जन्मतारीख! दाखला नसला म्हणून चाललेली वाट काही खोटी होत नाही.

आपल्याला तेरा कोस धावायचे नाही. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. म्हातारे वारकरीही ते चालतात, पण मुक्काम करीत करीत. तीच रीत धरा. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे चाला. मग थोडे थोडे वाढवा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झाला, की पुष्कळ झाले. चालताना बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवा. छातीत दुखले, चक्कर आली, तर थांबा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. आधीचा आजार असेल, तर त्यांना विचारूनच सुरुवात करा.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये फौजासिंग आपल्या गावाजवळ रस्त्याने जात होते. गाडीची धडक बसून ते गेले. म्हणून मोठ्या रस्त्याने चालू नका. बांधाने, गाडीवाटेने चाला. अंगावर पांढरे कपडे असू द्या.

आजीबाईंनो, हे तुम्हालाही सांगणे आहे. आणि सुनांनो, सासूबाई फिरायला निघाल्या, तर "बसा" म्हणू नका. हातात काठी द्या आणि जाऊ द्या.